भुईची कुरकुर

पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे धन दिसते, ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे कोण जाणे. माझ्या लहानपणी प्रत्येक गावात असा एखादा पायाळू असायचा, आणि प्रत्येक पडक्या वाड्याखाली मोहरांचा हंडाही असायचा. त्या दोघांची गाठ पडल्याचे मात्र कधी ऐकिवात आले नाही. भुईच्या पोटात काय दडले आहे ते खणल्यावाचून वरूनच कळावे, ही माणसाची हाव जुनीच आहे. विज्ञानाने ती पुरी करणारे अंजन शोधून काढले त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. परंतु या अंजनाची कथा मोहरांच्या हंड्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका मरणोन्मुख माणसाच्या बिछान्यापाशी.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या एका माथेफिरूने पाठीमागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत उजव्या बाजूने शिरली ती आतच राहिली. गारफील्ड अधिकारावर येऊन जेमतेम चार महिने झाले होते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे अवकाश होता. तेव्हा डॉक्टर मंडळींनी काय करावे? न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत घालून ते गोळी चाचपडू लागले. गोळी काही सापडली नाही. जखम मात्र चिघळत गेली.

ही बातमी ऐकून एक चौतीस वर्षांचा गृहस्थ अस्वस्थ झाला. त्याचे नाव अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोनचा शोध लावून त्याला पाच वर्षे झाली होती, आणि टेलिफोनच्या तारांमधली नको असलेली गुणगुण घालवण्याच्या खटपटीत त्याला एक गोष्ट ठाऊक झाली होती. तारेची दोन वेटोळी एकमेकांवर अशी बेताने ठेवता येतात की एकातल्या विजेचा परिणाम दुसऱ्यात मुळीच उमटत नाही. तराजूची दोन्ही पारडी समान झाली की काटा स्थिर राहतो ना, तसेच. कानाला लावलेला टेलिफोन मुका होतो. मग त्या वेटोळ्यांजवळ एखादा धातूचा तुकडा आणावा. तराजू ढळतो आणि टेलिफोन गुणगुणू लागतो. इंग्लंडात डेव्हिड ह्यूज याने १८७९ साली असा तराजू केलाच होता. बेलने त्याचा रोख रुग्णाच्या देहाकडे वळवला.

बेलने केलेल्या कसोट्या वाचताना मला त्याच्या चिकाटीचे कौतुक वाटते. मुठीत गोळी धरून पाहिली, तोंडात धरून पाहिली, कोंड्याच्या पिशवीत लपवली, खाटकाकडून आणलेल्या मांसात खुपसली. अखेर अमेरिकेच्या यादवी युद्धातले असे जुने शिपाई गाठले की ज्यांच्या अंगात वर्षानुवर्षे गोळ्या रुतून बसल्या होत्या. त्यांच्या अंगावरून वेटोळे फिरवले तेव्हा यंत्र बोलले. २६ जुलैच्या संध्याकाळी बेल व्हाइट हाउसमध्ये गेला. त्या दिवशी यंत्रातून नुसतीच चरचर ऐकू येत राहिली. एक जोडणी चुकीची झाली होती असे मागाहून ध्यानात आले. १ ऑगस्टला तो पुन्हा गेला. या खेपेस आवाज आला, पण कसा? एका ठिकाणी नव्हे, बऱ्याच मोठ्या भागावर, मंद आणि सारखा. गोळी कधी अशी पसरून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी बेलने विचारणा केली तेव्हा कळले की अध्यक्ष ज्या केसांच्या गादीवर निजले होते तिच्याखाली आणखी एक गादी होती, आणि ती होती पोलादी तारांनी विणलेली! बेलने तशीच दुसरी गादी मागवून तिची परीक्षा केली, आणि तिचा म्हणण्यासारखा उपद्रव झाला नसावा असा निर्वाळा दिला. पुढच्या लेखकांनी बहुतेक करून गादीलाच दोषी धरले आहे. शिवाय मुख्य डॉक्टर ब्लिस यांची ठाम समजूत होती की गोळी उजव्या बाजूलाच आहे, आणि शोध त्या बाजूलाच चालला होता. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला, खोल सापडली.

गादीचा अपराध मोठा की डॉक्टरांचा हट्ट मोठा, हा वाद मी येथे मिटवू इच्छित नाही. माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. बेलने यंत्र कोंड्यावर तपासले, मांसावर तपासले, जिवंत माणसांवर तपासले. एकाच ठिकाणी ते आधी तपासले नव्हते, आणि ते म्हणजे जेथे ते वापरायचे होते तो पलंग. पुढच्या काळात या यंत्राचे जे जे झाले, त्यात ही पोलादी गादी वेगवेगळी रूपे घेऊन पुन्हापुन्हा आडवी आलेली दिसते. सर्वांत मोठ्या रूपात ती आली, तेव्हा तिचे नाव होते जमीन.

दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग हे सैन्याचे नित्याचे हत्यार झाले. वीतभर मातीखाली पुरलेली लोखंडी तबकडी, तिच्यावरून गाडी गेली की गाडी संपली. फेब्रुवारी १९४१ मध्ये इथिओपियाच्या आघाडीवर आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सचे सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत चार दिवस सैन्याच्या सर्वांत पुढच्या गाडीतून चालले होते. पंचावन्न मैलांच्या वाटेवर त्यांनी सुरुंगांची पंधरा क्षेत्रे हुडकून मोकळी करवली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, एका कानाचा पडदा फाटला. तरीही त्यांनी बदली नाकारली, कारण काय, तर आता या कामाची आपल्याला चांगली ओळख झाली आहे! व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात ही हकिगत नमूद आहे. वाटेवरची उकरलेली माती, बदललेला रंग, नको तेथे पडलेला खडा, हीच त्या काळी या कामाची खूण. भरवशाचे हलके यंत्र अजून जन्माला यायचे होते.

ते जन्माला आले त्याच वर्षी, स्कॉटलंडमध्ये. पोलंड जर्मनांच्या टाचेखाली गेल्यावर जे पोलिश सैनिक ब्रिटनमध्ये आले त्यांत युझेफ कोसात्स्की नावाचा तिशीतला एक लेफ्टनंट होता. त्याने काठीच्या टोकाला वेटोळ्यांची तबकडी, पाठीवर पेटी आणि कानाला टेलिफोन अशी रचना केली. सारे मिळून सुमारे चौदा किलो वजन, म्हणजे एका माणसाने वागवता येईल असे. त्याने पेटंट घेतले नाही. यंत्र ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. मायदेशी राहिलेल्या नातेवाइकांवर जर्मनांची वक्रदृष्टी वळू नये म्हणून त्याचे नावही गुप्त ठेवण्यात आले. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री एल अलामेनची मोठी लढाई सुरू झाली, तेव्हा रोमेलच्या लाखो सुरुंगांच्या पट्ट्यातून वाटा काढण्यासाठी अशी सुमारे पाचशे यंत्रे कामाला होती. तासाला शंभर चौरस मीटर साफ होणारी जमीन त्यामुळे दोनशे मीटरपर्यंत साफ होऊ लागली.

युद्धाचे इतिहास येथे टाळ्या वाजवून पुढे जातात. मी जरा थांबतो. वाळवंटातली वाळू ही या यंत्राची मोठी मैत्रीण. तिच्यात लोखंडाचा अंश थोडा, ओल नाही, गवत नाही. तबकडी जमिनीलगत फिरवा, टेलिफोन मुका राहतो; तो बोलला की खाली काहीतरी आहे असे निःशंक समजावे. पण हेच यंत्र घेऊन सैन्य १९४३ च्या उन्हाळ्यात समुद्र ओलांडून सिसिलीत उतरले आणि एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी आले. तेथली जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा आणि त्याची माती. तीत लोहाचा अंश इतका की यंत्रे सारखी किंचाळत राहिली. सुरुंग आहे तरी किंचाळतात, नाही तरी किंचाळतात! मग त्यांचा उपयोग काय? शिपाई पोटावर पालथे पडून संगिनीच्या टोकाने इंच इंच जमीन टोचू लागले. अमेरिकनांचे यंत्र निराळे होते, पण त्याचीही तीच गत झाली. शिवाय त्याला पावसाचे पाणी सोसवत नसे.

शत्रूही स्वस्थ बसला नव्हता. धातूवर यंत्र बोलते ना, मग धातूच नको! जर्मनांनी लाकडी खोक्यातले सुरुंग केले, पुढे काचेचेही केले. ‘शूमाइन’ नावाच्या लाकडी डबीत धातू म्हणावा असा तिच्या चापातच काय तो होता. म्हणजे एकीकडे जमीन मोठ्याने ओरडणारी आणि दुसरीकडे सुरुंग कुजबुजणारा. इटलीत आपल्या लोकांनी हे सारे भोगले. १९४४ च्या फेब्रुवारीत मिन्यानो गावाजवळ मद्रास सॅपर्सचे सुभेदार सुब्रमण्यन आपल्या तुकडीसह सुरुंगांतून वाट काढत होते. मागून येणाऱ्या लान्सनायकाचा पाय एका सुरुंगावर पडला. स्फोटाला काही क्षण होते. सुभेदारांनी स्वतःला त्या सुरुंगावर झोकून दिले आणि सोबत्यांचे प्राण वाचवले. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना उचलून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पार नेले. त्या घाईत यंत्र कोठले आणि तपासणी कोठली! व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या या शिपायाचे नाव आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. तो पट्टा कसा असतो ते मात्र क्वचितच कोणी सांगतो.

आता जमीन ओरडते म्हणजे काय, ते पाहू. यासाठी सिसिलीला जाण्याची गरज नाही. दिवाळीचा किल्ला करण्यासाठी मुलांनी आणून टाकलेल्या मातीच्या ढिगात एक साधा लोहचुंबक फिरवून पाहा. मी दरवर्षी फिरवतो; घरातली मुले आता त्याला आजोबांचे वेड म्हणतात. चुंबकाच्या टोकाला काळ्या केसाळ कणांची दाढी येते. नदीकाठच्या वाळूत तर ती हमखास येते. हे कण मॅग्नेटाइटच्या जातीचे. आपला सह्याद्री आणि त्यामागचे पठार हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर आहेत, आणि त्या काळ्या पाषाणात हे खनिज जागोजाग विखुरलेले आहे. एटनाची मुले आणि आमची मुले एकाच जातीच्या मातीत खेळतात म्हणा ना! याच पाषाणातल्या चुंबकत्वाची मोजणी लंडनच्या संशोधकांनी १९५६ साली प्रसिद्ध केली, आणि तो थिजला तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता असे त्यावरून दिसून आले. म्हणजे धातुशोधकाला जी नुसती कटकट वाटते, तीत एका खंडाच्या प्रवासाची बखर लिहिलेली आहे. असो, हा विषय मोठा मोहाचा, पण आपला नव्हे.

कोकणातला तांबडा जांभा आणखी खट्याळ. मॅग्नेटाइटचे मोठे कण तबकडीच्या चुंबकक्षेत्राबरोबर तत्काळ माना डोलावतात. धातूत मात्र विजेचे भोवरे उठतात आणि त्यांचे उत्तर क्षणाचा अंश उशिरा येते. या उशिरावरूनच चतुर यंत्र ओळखते की हा खडक आणि हा खिळा. पण जांभ्यासारख्या मातीत काही लोहकण इतके सूक्ष्म असतात की तेही रेंगाळत उत्तर देतात, हुबेहूब धातूसारखे. आगीत भाजलेल्या मातीचेही असेच. तिचे चुंबकत्व वाढते, हे फ्रान्समध्ये ल बोर्न्य याने दाखवले. जुन्या चुलीची जागा, विटांचा चुरा, वणव्यात होरपळलेला उतार, ही सारी यंत्राला चकवणारी ठिकाणे.

यावर उपाय काय, तो मी पहिल्याने पाहिला तो युद्धभूमीवर नव्हे, आमच्या गल्लीत. नळाच्या वाहिनीवरचे लोखंडी झाकण रस्त्याच्या नव्या थराखाली गडप झाले होते, आणि ते शोधायला एक मध्यमवयीन कारागीर धातुशोधक घेऊन आला होता. आल्याबरोबर तो शोधू लागेल अशी माझी कल्पना. छे! त्याने आधी कडेची मोकळी जागा निवडली आणि तबकडी वर-खाली, वर-खाली अशी हलवू लागला. खाली नेली की यंत्र कुरकुरे, वर घेतली की गप्प बसे. तो एक खुंटी किंचित फिरवी आणि पुन्हा वर-खाली करी. “काय करता?” मी विचारले. तो म्हणाला, “हा मुरूम आहे ना काका, त्याचा आवाज आधी काढून टाकतो. नाहीतर दिवसभर मुरूमच सापडत बसेल.” मग त्याने खिशातले एक नाणे जमिनीवर टाकले, त्यावर मूठभर मुरूम ओतला आणि तबकडी फिरवली. यंत्र बोलले. तेव्हा कोठे तो रस्त्याच्या मध्यभागी गेला. झाकण पाऊण तासात सापडले.

त्याच्या नाण्यात सगळे शास्त्र आहे. जमिनीची कुरकुर बंद करणे अवघड नाही. खुंटी पुरेशी पिळली की यंत्र दगडासारखे गप्प होते. पण मग ते कोणासाठी गप्प होते? मुरुमासाठी, की नाण्यासाठीही? गप्प यंत्राचे दोन अर्थ होतात: खाली काही नाही, किंवा खाली आहे पण मला ऐकू येत नाही. नळाच्या झाकणाच्या बाबतीत दुसरा अर्थ निघाला तर पाऊण तासाचे दोन तास होतील. सुरुंगाच्या बाबतीत काय होईल ते सांगायला नको. आणि आवाज ठेवावा तरी पंचाईत. दिवसाकाठी शेकडो खोट्या हाका ऐकून प्रत्येक वेळी गुडघे टेकून माती खरवडणारा माणूस अखेर थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातून जे निसटते ते यंत्राच्या खात्यावर लिहिता येत नाही.

या पेचाला एक चांगले उत्तर आले ते धनाच्या हव्यासापोटीच. ऑस्ट्रेलियात सोन्याचे गोळे शोधणाऱ्या हौशी लोकांना तेथली लोहयुक्त तांबडी माती भारी छळत असे. ॲडलेड येथे १९८५ साली निघालेल्या ‘माइनलॅब’ कंपनीत ब्रूस कँडी या शास्त्रज्ञाने लांब आणि आखूड अशा निरनिराळ्या काळाचे विजेचे ठोके जमिनीत सोडून त्यांच्या उत्तरांची तुलना करण्याची रीत बसवली. माती एका तऱ्हेने उत्तर देते, धातू दुसऱ्या. मातीचे उत्तर वजा करता येते. सोन्यासाठी केलेली ही युक्ती पुढे सुरुंग काढणाऱ्यांच्या हाती गेली. पायाळू माणसाचे अंजन प्राण वाचवण्याच्या कामी आले ते असे.

कारण युद्धे संपली तरी सुरुंग संपले नव्हते. कंबोडिया, अंगोला, मोझांबिक येथे लढाया थांबल्यावरही गुराखी, लाकूडफाटा वेचणाऱ्या बाया आणि मुले त्यांवर पाय देत राहिली. १९९७ साली ओटावा येथे मनुष्यघातक सुरुंगांच्या बंदीचा करार झाला आणि त्याच वर्षी त्यासाठी झटणाऱ्या चळवळीला शांततेचे नोबेल मिळाले. मोठ्या प्रमाणावर जमीन साफ करायची वेळ आली, तेव्हा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. प्रत्येक कारखानदार सांगे, माझे यंत्र इतके सेंटिमीटर खोल पाहते. पण हे कोठे मोजले? प्रयोगशाळेत, हवेत लटकवलेल्या गोळीवर! म्हणून यंत्रांच्या कसोट्या खुद्द कंबोडिया, क्रोएशिया, लाओस आणि मोझांबिकच्या मातीत घेण्यात आल्या, आणि २००३ साली युरोपच्या मानकसमितीने कसोटीची एक सर्वमान्य रीत छापली.

त्या लोकांची एक युक्ती मला फार आवडते. एक ठरावीक यंत्र घ्यायचे. दहा मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी हवेत दहा सेंटिमीटर अंतरावर ऐकू येईल, नेमके इतपतच त्याची खुंटी लावायची. मग ते यंत्र निव्वळ मोकळ्या जमिनीवर हळूहळू खाली आणायचे. ज्या उंचीवर ते बोलेल ती त्या जमिनीची उंची. कोठे तबकडी मातीला टेकली तरी यंत्र गप्प. ती जमीन शहाणी. कोठे पाच सेंटिमीटरवर बोलते, कोठे वीसवर. बेलच्या काळापासून जी कुरकुर यंत्राचा दोष म्हणून गणली जात होती, तिलाच या मंडळींनी जमीन मोजण्याची पट्टी केले. आता एका देशातला माणूस दुसऱ्या देशातल्याला नुसता आकडा कळवू शकतो, आणि ऐकणाऱ्याला कळते की तिकडे कोणते यंत्र न्यावे आणि कोणते नेऊ नये.

तरीही आकड्यावर कोणी जीव टांगत नाही. प्रत्यक्ष कामाच्या जागी सकाळी पहिले काम असते ते कसोटीच्या तुकड्याचे. त्या भागात जो सुरुंग सापडतो त्याच्यातल्या धातूएवढाच हा तुकडा असतो. शेजारच्या साफ केलेल्या, त्याच जातीच्या मातीत तो ठरलेल्या खोलीवर पुरतात. हवेत नव्हे, परक्या वाळूत नव्हे, त्याच मातीत. यंत्राला तो ऐकू आला तर माणूस आपल्या पट्ट्यात शिरतो. नाही आला तर त्या दिवशी त्या जागी ते यंत्र चालवायचे नाही. मग हत्याराने टोचून आणि खरवडूनच पुढे सरकायचे, सिसिलीतल्या शिपायांसारखे. पाऊस पडला, मातीचा रंग बदलला, बॅटरी बदलली, विश्रांती घेतली, की पुन्हा तुकड्यावरून तबकडी फिरवायची. काम संपतानाही फिरवायची. त्या वेळी यंत्र गप्प राहिले, तर मागल्या यशस्वी कसोटीपासून साफ केलेला सारा पट्टा साफ झाला नाही असे धरतात. त्याच्या कडेच्या खुणा मागे घेतात आणि तो पहिल्यापासून पुन्हा तपासतात.